आमची मुलं घेऊन आम्ही दारात येत आहोत

येत्या 26 जूनला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून मुलांना रांगेत उभं करून शपथ दिली जाईल. पोलिसांचा बँड वाजेल, जिल्हाधिकारी झेंडा दाखवतील, फेरी निघेल, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतील. जागतिक अमली पदार्थविरोधी दिन पार पडेल. या वर्षी आम्ही त्या फेरीत नसू. आम्ही म्हणजे ज्यांच्या घरात पावडर आधीच शिरली आहे ते आईबाप, बायका, बहिणी, भाऊ. त्या दिवशी सकाळी 10 वाजता आम्ही आपापल्या जिल्हा रुग्णालयाच्या दारात उभे असू. मुलगा बरोबर असेल आणि हातात अर्ज असेल. ही त्याची आगाऊ सूचना आहे. सांगितलं नव्हतं, असं नंतर कुणी म्हणू नये.

अर्जात काय असेल तेही आत्ताच सांगतो. अमली पदार्थांविषयीचा जो कायदा 1985 साली झाला, त्याचं कलम 27 सगळ्या पोलीस ठाण्यांना पाठ आहे. सेवन केलं की गुन्हा. हेरॉइन, कोकेनसारखा पदार्थ असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कायद्यात पुढे कलम 64अ आहे. ते ठाण्यात कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून इथे लिहितो. ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प मात्रा बाळगल्याचा आरोप आहे असा व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, आणि सरकारने किंवा स्थानिक संस्थेने चालवलेल्या किंवा मान्यता दिलेल्या रुग्णालयात त्याने उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. अल्प मात्रा म्हणजे हेरॉइन 5 ग्रॅम, मेफेड्रोन म्हणजे एमडी 2 ग्रॅम, गांजा 1 किलो. शिवाय कलम 39 आहे. दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याची संमती घेऊन शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याचा अधिकार ते न्यायालयाला देतं.

म्हणजे तुरुंगाऐवजी दवाखान्यात पाठवा, ही मागणी आम्ही नव्याने करत नाही. संसदेने ते लिहून ठेवलं आहे. कलम 64अ 1989 सालापासून कायद्यात आहे. पण त्या कलमाचा सगळा भार एका शब्दावर आहे: रुग्णालय. रुग्णालयच नसेल तर कलम कोरा कागद आहे. सरकारने दार बांधलं आणि दारामागची खोली बांधायची राहू दिली. मुलं त्या दाराशी येतात आणि तिथून पोलिसांच्या गाडीत बसतात.

मी गेली बारा वर्षं दर रविवारी व्यसनी मुलांच्या कुटुंबीयांच्या सभेला बसतो. आधी धाकट्या भावासाठी बसलो. तो गेला, तरी माझं जाणं सुटलं नाही. गेल्या पावसाळ्यात एक मावशी तिथे आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मुलगा बावीस वर्षांचा, दुसऱ्याची रिक्षा चालवायचा आणि ब्राऊन शुगर ओढायचा. खिशात दोन पुड्या सापडल्या. वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी जाशील. मावशींनी भिशीचे पैसे उचलून दंड भरला. पोरगा संध्याकाळी घरी आला आणि रात्री पुन्हा बाहेर पडला. दुसऱ्यांदा पकडला तेव्हा जामीन राहायला कुणी नव्हतं. दोन महिने आत राहिला. आत त्याला टर्की झाली, म्हणजे पदार्थ अचानक तुटल्याचा त्रास. उलट्या, जुलाब, हाडं पिळल्यासारखं दुखणं, रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही. शेजारच्या कैद्याने त्याला पाणी पाजलं, एवढाच त्याचा औषधोपचार. बाहेर आला तेव्हा एक मोबाइल नंबर पाठ करून आला होता. तो नंबर माल पुरवणाऱ्याचा होता. मावशींनी मला विचारलं, ‘दादा, पहिल्याच दिवशी त्याला कुणी दवाखान्यात का नेलं नाही?’

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तो प्रश्न मी आज सरकारला विचारतो आहे.

मावशींचा पोरगा एकटा नाही. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांत 2017 आणि 2018 मध्ये निकाली निघालेल्या अशा दहा हजारांहून अधिक खटल्यांचा अभ्यास ‘विधी’ या कायदेविषयक संशोधन संस्थेने केला. त्यातले जवळजवळ सगळे खटले सेवनाचे होते, बहुतेक गांजाचे होते, आणि आरोपी बहुतेक करून गुन्हा कबूल करून मोकळे झालेले होते. रोजंदारीवरची आणि झोपडपट्टीत, फुटपाथवर राहणारी माणसं त्यात फार मोठ्या संख्येने होती. आणि याच मुंबईत 2012 साली एका चित्रपट अभिनेत्याला 64अ चं संरक्षण मिळालं, कारण त्याने सरकारी रुग्णालयात उपचार घेतल्याचं न्यायालयापुढे आलं. त्याला ते मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. मिळायलाच हवं होतं. पण ज्याच्याकडे चांगला वकील आहे त्याला 64अ आणि ज्याची आई भांडी घासते त्याला 27, असा कायदा संसदेने केलेला नाही.

आता येरवड्याकडे पाहा. पुण्याच्या या एका भागात महाराष्ट्रातलं सगळ्यात प्रसिद्ध कारागृह आहे आणि मनोरुग्णालयही आहे. त्या मनोरुग्णालयाच्या आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. तेव्हा पुण्या-मुंबईत गर्दने, म्हणजे ब्राऊन शुगरने, पोरं झडत होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली आणि तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभं केलं. बेड्या नाहीत, मार नाही. सकाळी लवकर उठायचं, आपली खोली आपण झाडायची, गटात बसून खरं बोलायचं. बरा झालेला माणूस नव्या माणसाचा हात धरतो. घरच्यांसाठी वेगळ्या सभा होतात, कारण व्यसन एकट्याला लागत नाही, घराला लागतं. तिथून बाहेर पडलेली माणसं आज दुकानं चालवतात, शाळेत शिकवतात, पोरांच्या लग्नात उभी राहतात. एका वस्तीत दोन दरवाजे आहेत. एकातून गेलेला मुलगा बहुधा परत त्याच दारात येतो. दुसऱ्यातून गेलेला परत आला तरी स्वतःच्या पायांनी येतो आणि ‘घसरलो’ असं सांगून येतो. हा फरक मी बारा वर्षं पाहतो आहे.

पण मुक्तांगण हे नागरिकांनी उभं केलेलं काम आहे. एका लेखकाने, एका डॉक्टरबाईंनी आणि एका विनोदकाराने 1986 साली जे करून दाखवलं, ते महाराष्ट्र सरकारला 36 जिल्ह्यांत करायला किती वर्षं हवी होती? गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, धाराशिवच्या बापाने मुलाला घेऊन पुण्याला यायचं, राहायचं, मजुरी बुडवायची. तिथेही रांग असतेच.

आणि पावडर मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आणखी एक सापडला. पोलिसांनी सांगितलेली मालाची किंमत हजारो कोटींची होती. 2025 मध्ये तुळजापुरात, आई भवानीच्या गावात, एमडीचं प्रकरण उघडकीला आलं. मालेगावात ‘कुत्ता गोळी’, मराठवाड्यात ‘बटन’ नावाच्या नशेच्या गोळ्या, रेल्वे फलाटांवरच्या लेकरांच्या हातात हुंगायला सोल्युशनचा रुमाल. कारखाना घालणाऱ्याला, माल आणणाऱ्याला, शाळेबाहेर पुडी विकणाऱ्याला कायद्यात असेल तेवढी सगळी शिक्षा द्या. त्यात एक दिवसाचीही सूट आम्ही मागत नाही. आमचा त्याच्यावर जेवढा राग आहे तेवढा कुठल्याही पोलिसाचा नसेल, कारण त्याने आमची पोरं नेली आहेत. पण पुडी विकत घेणाऱ्या पोराला त्याच गाडीत बसवून तुम्ही विकणाऱ्याचं गिऱ्हाईक पक्कं करता.

तुरुंगाची भीती राहिली पाहिजे, नाहीतर पोरं सोकावतील, असं सज्जन माणसंही म्हणतात. त्यांना एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती जिवाशी संबंधित आहे. अफूजन्य पदार्थ घेणाऱ्याचं शरीर रोजच्या मात्रेला सरावलेलं असतं. तुरुंगात माल मिळाला नाही तर काही आठवड्यांत ती सवय उतरते. बाहेर आल्यावर तो पूर्वीएवढीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या 30,237 कैद्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थाच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका त्यांना इतर लोकांच्या 129 पट होता. तुमची शिक्षा जास्तीत जास्त एका वर्षाची असते. निकाल मृत्यूचा लागू शकतो. माझा भाऊ सुटल्यावर अकराव्या दिवशी गेला. तेव्हा हा अभ्यास मला माहीत नव्हता. तुम्हाला माहीत असायला हवा होता.

याच आजारावर औषध आहे. बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात, तलफ आटोक्यात राहते आणि माणूस कामाला जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 सालीच ती आवश्यक औषधांच्या यादीत घातली. एमडीवर अशी गोळी नाही. तिथे महिनोन्महिने समुपदेशन लागतं, झोप आणि मन सावरणारे उपचार लागतात, घरच्यांची तयारी लागते. म्हणूनच तिथे खाटा आणि माणसं आणखी लागतात. ‘पुन्हा पितातच ना?’ असं विचारणाऱ्यांनी मधुमेहाच्या रोग्याची साखर पुन्हा वाढली म्हणून त्याला कोठडीत टाकलेलं कधी पाहिलं आहे का, ते सांगावं.

गरज किती आहे हेही सरकारला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये देशव्यापी पाहणीचा आदेश दिला. दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केला. अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेली माणसं देशात सुमारे 77 लाख. दारूमुळे सुमारे 5 कोटी 70 लाख. बेकायदा अमली पदार्थांच्या विळख्यात असलेल्या 20 जणांपैकी एकाला कधीतरी, कुठली तरी मदत मिळते. दारूच्या बाबतीत 38 जणांपैकी एकाला. 2021 मध्ये याच मंत्रालयाने स्वतःपुरतं बाळगणं गुन्हा मानू नये, उपचार द्यावेत, अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. कलम 27 आजही जागच्या जागी आहे. राज्यातल्या तुरुंगांची अधिकृत क्षमता पंचवीस हजारांच्या आसपास आणि आत चाळीस हजारांवर माणसं, अशी 2022 ची आकडेवारी होती. त्या गर्दीत आमच्या पोरांना आणखी का कोंबता?

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे कर वाढवले आणि त्यातून वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील, असा अंदाज सरकारनेच सांगितला. आम्ही त्यातले शंभरातला एक रुपया मागतो. 14,000 कोटींचा शंभरावा भाग 140 कोटी. 36 जिल्ह्यांत वाटले तर जिल्ह्याला 3 कोटी 88 लाखांहून थोडे जास्त. तीस खाटांचा विभाग धरला तर दर खाटेला दिवसाकाठी साडेतीन हजार रुपये पडतात. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, औषध, जेवण, सगळं त्यात बसतं. हा हिशेब मी वहीच्या पानावर केला आहे. वित्त विभागाने तो आपल्या संगणकावर करून पाहावा. दारूच्या पैशातूनच व्यसनाचे उपचार व्हावेत, यापेक्षा सरळ न्याय दुसरा कोणता? शिवाय अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 7अ आहेच. विकणाऱ्यांची सरकारजमा झालेली मालमत्ता विकून येणारा पैसा एका राष्ट्रीय निधीत जातो, आणि व्यसनींचं उपचार-पुनर्वसन हा त्या निधीचा एक उद्देश आहे. महाराष्ट्राने त्यातला वाटा मागितला पाहिजे, आणि मागितला असेल तर किती आला हे विधानसभेत सांगितलं पाहिजे.

आणखी एक कायदा तुमच्या टेबलावर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था त्यात आजारातच धरल्या आहेत. त्याच्या कलम 18 प्रमाणे सरकारी सेवा मिळणं हा हक्क आहे. आवश्यक किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारवर पडतो.

सरकारी उपचार नाहीत, त्या रिकाम्या जागेत कोण शिरलं आहे, तेही सांगतो. रात्री अंगणात गाडी येते. चारजण उतरतात, पोराला झोपेतून उचलतात, हातपाय बांधून नेतात. महिन्याचे पंधरा-वीस हजार आईबापांकडून घेतात. आत मारतात, साखळीला बांधतात आणि त्याला व्यसनमुक्ती केंद्र म्हणतात. साखळीने बांधायला 2017 च्या कायद्याच्या कलम 95 ने बंदी आहे. अशा केंद्रांच्या चालकांनीही हा इशारा आपल्यासाठी आहे असं समजावं. आमच्या सभेत येणाऱ्या पोरांच्या पायांवरच्या खुणांचे फोटो आणि त्यांचे जबाब आता जपून ठेवले जात आहेत.

आईबापांनाही दोन शब्द कठोर बोलणं आवश्यक आहे. लग्न करून द्या, सुधारेल, हा सल्ला ऐकून परक्याची मुलगी या आगीत ढकलू नका. गावात नाव जाईल म्हणून लपवू नका. लपवलेल्या वर्षांत मुलगा संपतो. घरचं सोनं विकून त्याची उसनवारी फेडू नका. आणि त्या रात्रीच्या गाडीला फोन करू नका.

सरकारने 26 जूनच्या आत काय करायचं ते असं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसन-उपचारासाठी तीस खाटांचा स्वतंत्र विभाग मंजूर करून त्याचा शासन निर्णय काढावा, आणि तो सुरू होईपर्यंत त्याच रुग्णालयात रोजचा बाह्यरुग्ण विभाग चालू करावा. कलम 64अ साठी मान्यता असलेल्या रुग्णालयांची आणि संस्थांची जिल्हावार यादी मराठीत प्रसिद्ध करून ती प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावी. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या प्रकरणात आरोपीला 64अ समजावून सांगितल्याची नोंद केल्याशिवाय कागद न्यायालयात जाऊ नयेत, असं गृह विभागाने परिपत्रक काढावं. यातल्या एकाही गोष्टीसाठी कायदा बदलावा लागत नाही.

हे झालं नाही तर आम्ही काय करू, तेही ऐका. 26 जूनला प्रत्येक अर्जावर आम्ही रुग्णालयाकडून लेखी उत्तर घेऊ. खाट आहे, किंवा खाट नाही. तोंडी उत्तर चालणार नाही. पोचपावती मिळेपर्यंत आम्ही हलणार नाही, घोषणा देणार नाही, काच फोडणार नाही, नुसते बसू. ‘खाट नाही’ असं लिहिलेले जिल्ह्याजिल्ह्यांतले कागद गोळा होतील आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर इथे उच्च न्यायालयात दाखल होतील. त्या कागदांची एक प्रत आपापल्या मतदारसंघातल्या आमदाराच्या दारावर आम्ही स्वतः नेऊन लावू. 288 दारं आहेत. महानगरपालिकेला, जिल्हा परिषदेला, विधानसभेला जो उमेदवार मत मागायला येईल त्याला आमच्या गल्लीत एकच गोष्ट विचारली जाईल: तुमच्या जिल्ह्यात किती खाटा? आकडा सांगता आला नाही तर तिथूनच परत जावं. व्यसनी पोराच्या घरात मतं कमी नसतात. आई, बाप, बहीण, भावजय, आजी, आणि ज्यांनी आजवर शरमेने मान खाली घातली ते सगळे शेजारीपाजारी.

शाळांच्या मुख्याध्यापकांना विनंती आहे, की त्या दिवशी मुलांना शपथ जरूर द्या, पण 14446 हा सरकारचा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांकही फळ्यावर लिहा. एखाद्या मुलाचा बाप त्या रात्री तो फिरवील.

आणि ज्यांच्या घरात हे चाललं आहे त्यांना: 26 जून, सकाळी 10, जिल्हा रुग्णालयाचं मुख्य दार. मुलाला आदल्या दिवशी सांगा, फसवून आणू नका. तो स्वतःहून आला तरच 64अ उभं राहतं. खटला चालू असेल तर गुन्ह्याचा क्रमांक आणि न्यायालयाचं नाव लिहून आणा. खटला नसेल तर अर्जात मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 लिहा. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक त्यांच्याकडे द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. ती शिक्क्याची प्रत हातात पडल्याशिवाय घरी जाऊ नका.